निर्दोष खड्डा

पावसाळ्याच्या चार महिन्यांत महाराष्ट्रातला खड्डा जेवढ्या शिव्या खातो, तेवढ्या कुठल्याही पक्षाच्या सरकारनेही खाल्ल्या नसतील. तरी गाडीच्या नुकसानीबद्दल एखाद्या खड्ड्यावर ठपका बसला, असं सहसा घडत नाही. याचं श्रेय त्याच्या कार्यपद्धतीला द्यायला हवं. खड्डा जिथे मारतो तिथे मोडत नाही, आणि ज्या दिवशी मारतो त्या दिवशीही मोडत नाही. मार चाकाला बसतो, जीव जातो लोअर आर्मच्या बुशचा. दणका जुलैत बसतो, खडखड दिवाळीत ऐकू येते. तोवर खड्डा बुजवलेला असतो. म्हणजे गुन्हा शाबूत, पण आरोपीच जागेवर नाही. माझं म्हणणं इतकंच की, गाडी ज्याला ‘झीज’ म्हणून पैसे मोजते त्यातला बराचसा भाग हा न नोंदवलेला अपघात असतो.

घटनाक्रम तपासून पाहा. चाक खड्ड्यात नुसतं पडत नाही, वरून स्प्रिंग त्याला आत ढकलत असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने ६० सेंटिमीटर लांबीचा खड्डा ०.०३६ सेकंदात संपतो. एवढ्या वेळात नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चाक जेमतेम सहा-सात मिलिमीटर खाली गेलं असतं. स्प्रिंगच्या आग्रहाखातर ते त्याच्या कितीतरी पट खोल जातं आणि समोरच्या काठावर आदळतं. टायरची बाजू रिम आणि काठ यांच्यामध्ये चिमटते, आतले धागे तुटतात आणि काही दिवसांनी तिथे फुगा येतो. उरलेला दणका एका वाटेने बॉल जॉइंट, लोअर आर्म, लिंक रॉड, शॉकअप असा वर चढतो आणि दुसऱ्या वाटेने टाय रॉडमधून स्टिअरिंगपर्यंत जातो. झेलण्याचं काम स्प्रिंग करते. तिच्या नंतरच्या उड्या शॉकअप आवरतो, आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकलून त्या हालचालीची उष्णता करून टाकतो. सील फाटून ते तेल गळालं की गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर दोन-तीनदा मान डोलावते, जणू महापालिकेचं स्पष्टीकरण तिला पूर्ण पटलं आहे.

पण सगळ्यांत बेमालूम काम अलाइनमेंटचं. टाय रॉड किंचित वाकला आणि चाक सरळ रेषेपासून अवघ्या अर्ध्या अंशाने हललं, तर ते दर किलोमीटरला सुमारे नऊ मीटर आडवं घासत जातं. मुंबई ते पुणे दीडशे किलोमीटर धरले तर त्या टायरने सव्वा किलोमीटरहून अधिक प्रवास आडव्याने केलेला असतो, आणि एवढ्या जादा अंतराचा टोल कोणी लावत नाही हे आपलं भाग्यच. अशी झीज बहुधा टायरच्या आतल्या कडेला होते. बाहेरून टायर नवाकोरा दिसतो, मालक समाधानी असतो आणि आत तारा डोकावू लागलेल्या असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : गाडी हळू चालवा. सल्ला खराच आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ४० ऐवजी ६०ने गेलं तर ती सव्वादोन पट होते. मात्र पाण्याने भरलेला खड्डा आणि साधं डबकं वरून सारखेच दिसतात. खोली चाकाला कळते, ड्रायव्हरला नंतर. उलट मताचे तज्ज्ञही आहेत. त्यांच्या मते जोरात काढली की गाडी खड्ड्यावरून उडून जाते. अरुंद खड्ड्यापुरतं यात तथ्य आहे, कारण चाकाला आत उतरायला वेळ कमी मिळतो. रुंद खड्ड्यात मात्र हाच सिद्धांत पलीकडच्या काठावर, अलॉयसकट, तपासला जातो. तिसरा आक्षेप घेणारे उंच गाडीत बसलेले असतात. उंचीमुळे खालचं ऑइल चेंबर वाचतं, हे मान्य. पण चाक उंचीवर नसतं, ते रस्त्यावरच असतं. शिवाय मोठ्या रिमच्या हौसेपायी टायरची बाजू बारीक केलेली असते. २१५ मिलिमीटर रुंदीच्या टायरवर ६० ऐवजी ५० हा आकडा आला की बाजूची उंची १२९ वरून साडेएकशेसात मिलिमीटरवर येते. शोरूममध्ये ते देखणं दिसतं. खड्ड्यापाशी रबर कमी पडतं.

उरला पाऊस. त्याच्यावर सगळं ढकलणं सोयीचं आहे, कारण तो चौकशीला हजर राहत नाही. रस्ता मध्ये किंचित उंच आणि कडेला उतरता ठेवला, गटार रस्त्यापेक्षा खाली ठेवलं, तर पाणी निघून जातं. ते साचलं की भेगांतून खाली उतरतं, पाया मऊ करतं आणि वरून जाणारं प्रत्येक चाक खडी उचकटत जातं. मग डांबरात पेव्हर ब्लॉक बसवले जातात आणि खड्ड्याचा उंचवटा होतो. गाडीच्या दृष्टीने ही फक्त दिशा बदललेली तीच गोष्ट.

भरपाईचं म्हणाल तर विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात, आणि गळका शॉकअप नेमका त्याच रकान्यात जाऊन बसतो. टायरचं कलम तर वाचण्यासारखं आहे : गाडीला त्याच वेळी दुसरीकडे मार लागला असेल तरच टायरचे पैसे, तेही निम्मे. म्हणजे खड्ड्याने व्यवस्थित, फक्त टायरपुरतं काम केलं तर काहीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. माणसं आधी, हा क्रम योग्यच आहे. गाडीच्या सांध्यांचा खर्च तूर्त मालकाकडेच राहणार.

तेव्हा खड्डा चुकवता येत नसेल तर ब्रेक त्याच्या आधी मारा आणि काठाशी येताच सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकलेलं असतं आणि पुढच्या स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही. पावसाळा संपला की अलाइनमेंट करून घ्या, आणि टायर आतल्या बाजूनेही बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या टायरची आतली कड दिसते.