टायरच्या दुकानात उभं कुठे राहावं?

टायरच्या दुकानात शिरलेला माणूस पहिली चूक करतो ती बसण्याची. तीन जुने टायर रचून वर टाकलेली फळी असो, की काचेच्या केबिनमधला काळा सोफा. कोणी 'बसा ना साहेब' म्हटलं की आपण बसतो, आणि तिथेच संपतो. गेल्या पंचवीस वर्षांत एक स्कूटर, दोन मोटारसायकली आणि अडीच मोटारी (अर्धी मेव्हण्याबरोबर भागीदारीत होती) सांभाळताना जे काही पदरात पडलं, ते नवशिक्यांच्या उपयोगी पडावं म्हणून इथे देतो आहे. शास्त्र तसं लहान आहे. उभं कुठे राहायचं, बघायचं कुठे आणि तोंड कधी मिटायचं, एवढं कळलं की झालं.

तयारी घरूनच सुरू होते. ड्रायव्हरचं दार उघडा आणि दाराच्या चौकटीवर चिकटवलेला छोटा कागद वाचा. गाडी घेतल्यापासून तुम्ही तो वाचलेला नाही, हे मला ठाऊक आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत किती हवा हवी ते त्यावर लिहिलेलं असतं. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असली तर किती, तेही. तो आकडा पाठ करा. कारण हवा मारणारा पोरगा नळी हातात घेऊन 'किती?' एवढंच विचारतो, आणि सेकंदभरात उत्तर आलं नाही तर तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकासारखा बघतो. घाबरून माणूस 'तीस-पस्तीस' म्हणून मोकळा होतो. आमचे एक शेजारी टायरच्याच अंगावर छापलेला आकडा वाचून सांगायचे. टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा तो आकडा असतो. त्यांच्या गाडीतून उतरलं की मणके मोजून घ्यावे लागत. हवा टायर थंड असताना तपासायची असते, हेही लक्षात असू द्या. पंप घरापासून आठ किलोमीटरवर असेल तर विसरून जा.

दुसरी तयारी संबोधनांची. काम करणाऱ्या पोराला 'दादा' म्हणावं, मग तो सोळा वर्षांचा का असेना. गल्ल्यावरच्याला 'शेठ'. महामार्गावर कित्येक ठिकाणी अजूनही केरळहून आलेला पंक्चरवाला भेटतो. त्याला आपण बिनदिक्कत 'अण्णा' म्हणतो आणि तोही मुकाट्याने अण्णा होतो. त्यांच्यात मोठ्या भावाला 'चेट्टन' म्हणतात, हे मला खंबाटकीच्या पायथ्याशी एकाने, चाक फिरवता फिरवता, वर न बघता सांगितलं. तेव्हापासून मी चेट्टन म्हणतो. दरात फरक पडलेला नाही. ते तुम्हाला काय म्हणतात याकडेही लक्ष हवं. 'साहेब' म्हटलं तर अजून अंदाज घेणं चालू आहे. 'काका' म्हटलं तर अंदाज संपला. अशा वेळी दुःख आवरावं. काकांना टायरमधलं काही कळत नाही असं एकदा ठरलं की समोरचा निष्काळजी होतो, आणि काकांना नेमकं तेच हवं असतं.

आता रस्त्याकडेचं दुकान. पत्र्याची शेड, पुढे ट्रकचा टायर निम्मा जमिनीत पुरलेला, त्यावर पांढऱ्या रंगात 'पंचर', 'पंक्चर' किंवा 'पंम्चर'. शुद्धलेखन जितकं वाईट तितका हात जुना, असा माझा अनुभव आहे. इथे उभं राहण्याची जागा एकच: पाण्याचं कापलेलं पिंप. इतकं जवळ की आपली हनुवटी पाण्यात दिसावी.

ट्यूब असलेलं चाक असेल तर हा सोहळा बघण्यासारखा असतो. टॉमी घालून टायरची कड उचलली जाते, ट्यूब बाहेर ओढली जाते, तिच्यात हवा मारून तिचा फुगीर अजगर केला जातो, आणि मग हाताहाताने पुढे सरकवत तिला पाण्यात बुडवतात. पाणी काळं, त्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग. सगळे गप्प. मग कुठूनतरी बारीक बुडबुड्यांची माळ वर येते, सुतासारखी सरळ. टायरच्या धंद्यात खोटं न बोलणारी वस्तू एवढी एकच. पोरगा तिथे अंगठा दाबून ठेवतो, ट्यूब पुसतो, कानशीने घासतो, सोल्यूशन लावतो आणि फुंकर मारत थांबतो. हे थांबणं मोजावं. सोल्यूशन वाळून जरा चिकट व्हावं लागतं, मगच ठिगळ धरतं. घाई करणाऱ्याचं ठिगळ तुमच्याबरोबर दुसऱ्या चौकापर्यंत येतं.

ट्यूबलेस आल्यापासून पिंपाचं महत्त्व कमी झालं आणि टोच्याचं वाढलं. चाक न काढताच साबणाचं पाणी शिंपडतात, फेस कुठे धरतो ते बघतात, टोच्याने भोक रुंद करतात आणि निरांजनातल्या वातीसारखी एक चिकट तपकिरी दोरी दुमडून आत घुसवतात. पैसे दोरीगणिक. इथे गिऱ्हाइकाने चहाला जाऊ नये. मी एकदा गेलो होतो. जाताना खिळा एक होता, मीच दाखवला होता, गंजका आणि वाकडा. कटिंग पिऊन परत आलो तर पंक्चर चार. 'चार निघाले, साहेब,' हे तो अशा दबल्या आवाजात म्हणाला की जणू एक्स-रे बघून बोलतो आहे. उरलेली तीन खिळ्यांनी पडली की टोच्याने, हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. चहा मात्र चांगला होता. तेव्हापासूनचा नियम: टोच्या हातात येण्याआधी फेसाची ठिकाणं आपण मोजायची आणि आकडा मोठ्याने उच्चारायचा. 'एकच दिसतंय, नाही का दादा?' एवढंच. आवाजात संशय नको, कौतुक हवं.

भोक टायरच्या बगलेत असेल तर मात्र 'करून देतो की' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं. बगल सतत दबते-उठते, तिथे दोरी टिकत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त नवा टायर घेण्याची वेळ आपल्यावर आली की आपण विसरतो.

तर मग नवा टायर, म्हणजे काचेचं दुकान. इथे तुम्हाला कोणी काका म्हणत नाही, 'सर' म्हणतात, आणि तेवढ्यानेच बिलाची पायाभरणी होते. आत एसी, कॉफीचं यंत्र, भिंतीवर वळण घेणारी रेसची गाडी, आणि तो सोफा. सोफ्यासमोरच्या पडद्यावर बाहेरचं काम दिसतं म्हणतात. मला त्यावर आजवर माझ्या गाडीचं छप्परच दिसलेलं आहे. कॉफी घ्यावी, कारण ती बिलात आहेच, आणि कप घेऊन बाहेर चाकापाशी येऊन उभं राहावं. 'सर, इथे कस्टमर अलाउड नाही,' असं कोणीतरी येऊन म्हणेल. हसून अर्धं पाऊल मागे सरकावं. पुढच्या वेळी पुन्हा अर्धं. कॉफी संपेपर्यंत काम होतं.

पहिला घाव असा असतो: 'सर, टायर गोटा झालेत.' लगेच खिसा चाचपू नये. खाली बसून टायरच्या खाचांत बोट घालावं. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर आडव्या रबरी पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटर उंचीच्या. नक्षी झिजून त्या पट्ट्यांच्या पातळीला आली असेल तर तो खरं बोलतो आहे. नसेल तर बोट पुसत 'अजून एक पावसाळा निघेल' म्हणावं. हे वाक्य वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून आलं तर समोरचा वाद घालत नाही.

टायर घ्यायचाच ठरला तर त्याचा वाढदिवस विचारा. टायरच्या अंगावर लांबलचक अक्षरं-आकड्यांच्या शेवटी चार अंक असतात. ३७२२ असेल तर २०२२ सालच्या ३७व्या आठवड्यातला जन्म. हे चार अंक बहुतेक टायरांवर एकाच बाजूला असतात. ती बाजू कोणती? तुम्ही उभे असाल तिच्या पलीकडची. म्हणून टायर रिमवर चढण्याआधीच बघायचं. मला एकदा 'कालच माल आला, सर' म्हणून दाखवलेला टायर माझ्या पुतणीच्या बारशाच्या सुमाराचा निघाला. पुतणी तेव्हा बालवाडीत होती. मी तसं म्हणालो, तर तो म्हणाला, 'सर, माल कालच आला.' यात खोटं काहीच नव्हतं.

दोनच नवे टायर घेतलेत तर ते पुढे बसवायचा हट्ट धरू नका. मीही धरला होता. टायर बनवणारे स्वतः सांगतात, नवे मागे बसवा. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली की गाडी गिरकी घेते आणि स्टिअरिंग हातात असून उपयोग होत नाही. या एका बाबतीत दुकानदार बरोबर होता. हे त्याला कळू दिलं नाही.

मग बॅलन्सिंग. चाक यंत्रावर गरगर फिरतं, आकडे येतात आणि रिमला शिशाचे नाहीतर लोखंडाचे छोटे तुकडे लागतात. त्यांचा हिशेब ग्रॅमवर. सोनाराखालोखाल ग्रॅमवर पैसे घेणारा हाच. अलाइनमेंटचा कागद मात्र जपून ठेवण्यासारखा असतो: डाव्या अंगाला 'आधी', उजव्या अंगाला 'नंतर', आधी लाल, नंतर हिरवं. लाल हिरवं झालं की माणसाला नापास पोरगा पास झाल्याचं समाधान मिळतं. मागच्या चाकांचा लाल तसाच राहिला तर चिडू नका. कित्येक लहान गाड्यांत तिथे फिरवायला काही नसतंच. 'ते तसंच असतं, सर,' हे उत्तर अशा वेळी खरं असतं. नायट्रोजनचं विचारतील, हिरवी टोपणंही दाखवतील. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी किती मोजायचे ते ज्याने त्याने ठरवावं. टोपणं दिसायला छान असतात.

किल्ली देताना मॅनेजर स्वतःचा फोन पुढे करतो आणि पाच तारे मागतो, तिथल्या तिथे, तुमच्या डोळ्यांत बघत. द्यावेत. मात्र त्याआधी सगळ्यात महत्त्वाचं काम करायचं असतं, जे मी केलं नाही: चाकाचे नट हाताच्या पान्याने आवळून घेणं. पोरं हवेच्या गनने नट मारतात, टर्र्‌ करून, चार चाकं दोन मिनिटांत. ऐकायला गोड लागतं.

त्यानंतर महिन्याभराने आंबेनळी घाट उतरून पोलादपूर यायच्या अलीकडे, संध्याकाळी सात वाजता, पुढचं डावं चाक बसलं. जॅक काढला, पाना लावला. नट हलेना. मी पान्यावर उभा राहिलो. मग बायको उभी राहिली. मग एकमेकांचे खांदे धरून दोघं उभे राहिलो. येणारे-जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून शुभेच्छा देत होते. शेवटी एका दुचाकीवाल्याने पुढच्या वळणावरचा पंक्चरवाला मागे बसवून आणला. त्याने पान्याच्या दांड्यावर हातभर लांब लोखंडी पाइप चढवला, एकदा कुंथला, आणि नट किंचाळत सुटला. 'मशीनने मारलेत,' तो म्हणाला. मग त्याने स्टेपनी दाबून पाहिली. स्टेपनीत हवा नव्हती. दारावरचा कागद पाठ होता, पण डिकीत कोण बघतो?

दोन्ही चाकं गडगडत त्याच्या शेडपर्यंत नेली. पिंप होतं, टोच्या होता, मिणमिणता बल्ब होता. बायकोचे पाय दुखत होते. तिने विचारलं, 'बसायला काही आहे का हो, दादा?' त्याने चारी बाजूंना पाहिलं. मग आमचीच स्टेपनी आडवी टाकली, फडक्याने पुसली आणि म्हणाला, 'बसा ताई. हवा तशीही नाही तिच्यात.'

ती बसली. मी पिंपापाशी जाऊन उभा राहिलो.