पैसे सेइबूला, बोल मात्सुझाकाला

बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या चाहत्यांपुढे दाइसुके मात्सुझाकाचं नाव काढा, दुसऱ्याच वाक्यात ‘दहा कोटी डॉलर’ येतात. हा हिशेबच खोटा आहे.

नोव्हेंबर २००६. जपानच्या सेइबू लायन्सनं आपला हा पिचर अमेरिकेला द्यायचं ठरवलं. तेव्हाची पद्धत अशी, की अमेरिकी संघांनी बंद पाकिटात बोली लावायची आणि ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याला खेळाडूशी करार ठरवायला तीस दिवस मिळायचे. रेड सॉक्सच्या पाकिटातून आकडा निघाला ५,११,११,१११ डॉलर आणि वर ११ सेंट. ही रक्कम गेली सेइबूच्या तिजोरीत. मात्सुझाकाचा स्वतःचा करार सहा वर्षांचा आणि ५ कोटी २० लाखांचा. तो पटला नसता, तर दुसऱ्या अमेरिकी संघाशी बोलायची सोय नव्हती, मुकाट सेइबूकडे परत जायचं. स्वतःच्या बोलीत ज्याला बोलायलाच जागा नव्हती, त्याच्या प्रत्येक चुकलेल्या चेंडूचा भाव पुढं सहा वर्षं दोन्ही रकमा मिळून होणाऱ्या दहा कोटींच्या हिशेबानं लावला गेला.

चाहते चिडले यात गैर काही नाही. त्याचा सामना बघायला खरोखर सोशीकपणा लागायचा. २००८ चा त्याचा हंगाम घ्या. १८ विजय, ३ पराभव, नऊ डावांमागे सरासरी २.९० धावा. कागदावर बघत राहावं असं. पण त्याच हंगामात त्यानं १६७ डावांत ९४ जणांना फुकट पहिल्या बेसवर पाठवलं, अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त. टोपी सारखी करणार, मातीत बूट घासणार, कॅचरची खूण नाकारणार, मग कडेला तीन चेंडू बाहेर. तिन्ही बेस भरणार आणि त्यानंतर तो शांतपणे सुटणार. पाचव्या डावापर्यंत शंभर चेंडू संपलेले. तिकिटाला घसघशीत पैसे मोजून बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानात बसलेला माणूस वैतागणारच. त्याचा वैताग मला मान्य आहे.

मान्य नाही ते पुढचं. ज्या कष्टांमुळे तुम्ही त्याला आणलात, तेच कष्ट आल्यावर नकोसे झाले. १९९८ च्या ऑगस्टमध्ये जपानमधल्या कोशिएनच्या शालेय स्पर्धेत या पोरानं एका सामन्यात सतरा डाव आणि अडीचशे चेंडू टाकले होते. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात समोरच्या संघाला त्यानं एकही हिट दिली नाही. रोज भरपूर चेंडू टाकूनच खांदा तयार होतो, अशा शिस्तीत तो वाढला. बॉस्टनमध्ये चेंडू मोजून मापून. २००९ मध्ये त्यानं जपानी पत्रकारांपाशी ही तक्रार बोलून दाखवली आणि इकडं बोंब झाली. ती पद्धत बरोबर होती असं मी म्हणत नाही. अडीचशे चेंडू कुठल्याही शाळकरी मुलाच्या हाताला घातकच. पण माणूस विकत घेताना त्याची घडणही सोबत येते. करारावर सही होण्याआधी हे मालकांनी विचारात घ्यायचं असतं. ती चूक त्यांची.

आता जॉन लॅकी बघा. टेक्सासचा गडी, डिसेंबर २००९ मध्ये पाच वर्षांसाठी सव्वाआठ कोटी डॉलरना आणलेला. २०११ मध्ये त्यानं नऊ डावांमागे सरासरी ६.४१ धावा दिल्या. त्याच वर्षी मात्सुझाकाच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि हंगाम संपल्यावर लॅकीच्याही. लॅकीवरही फेनवेत हुर्यो उडाली, आणि चांगली उडाली. पण टेक्सासच्या पिचरना बॉस्टन झेपत नाही, असं कोणी म्हणालं का? मात्सुझाका ढेपाळला तेव्हा मात्र ‘जपान्यांचं इथं असंच होतं’ हे लगेच तयार होतं. न्यूयॉर्क यांकीजकडे फसलेल्या केइ इगावा या जपानी पिचरचं उदाहरण तर तोंडावरच असायचं. लॅकी चुकला तर लॅकी चुकला आणि मात्सुझाका चुकला तर जपान चुकला, या न्यायाचा मला संताप येतो.

आणि नुसता परकेपणा नडला असंही नाही. मात्सुझाका आला त्याच हिवाळ्यात त्याच संघानं हिदेकी ओकाजिमा हा दुसरा जपानी पिचर दोन वर्षांसाठी पंचवीस लाखांत घेतला. त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. तो सुंदर खेळला आणि लोकांनी त्याला पहिल्याच हंगामात मतं देऊन ऑल-स्टार संघात पाठवलं. स्वस्तात आलेला परका लाडका झाला. महागात आलेल्याचं परकेपण प्रत्येक पराभवानंतर नव्यानं आठवलं गेलं.

आणि महागात आलेला परका जिंकून देतो तेव्हा काय होतं, तेही बघा. लॉस एंजेलिस डॉजर्सनी योशिनोबु यामामोतो या जपानी पिचरला बारा वर्षांसाठी ३२ कोटी ५० लाख डॉलर दिले. मार्च २०२४ मध्ये सोलमध्ये पदार्पणाच्या एकाच डावात त्याला पाच धावा पडल्या. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्यानं तीन सामने जिंकून दिले. सहावा जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यातही येऊन शेवटपर्यंत टाकला. आता त्याच्या किमतीचं नाव कोण काढतंय?

मात्सुझाकालाही अशी रात्र होती. २७ ऑक्टोबर २००७, डेन्व्हर, वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना. तिथं पिचरनाही बॅट धरावी लागायची. तिसऱ्या डावात त्यानं स्वतः फटका मारून दोन धावा आणल्या, सहाव्यापर्यंत समोरच्या रॉकीज संघाला थोपवलं आणि वर्ल्ड सिरीजचा सामना जिंकणारा पहिला जपानी पिचर ठरला. दुसऱ्या दिवशी बॉस्टन अजिंक्य झालं. दहा कोटींचा हिशेब मांडणाऱ्यांनी ती रात्र जमेच्या बाजूला धरलेली मला अजून दिसलेली नाही.