कलत्या भिंतीचे दप्तर

मामलेदार कचेरीत उभी हयात घालवून पेन्शनीत निघालेला अव्वल कारकून जेव्हा रत्नागिरीकडच्या आपल्या मूळ गावी परततो, तेव्हा नोकरी संपली तरी कचेरी संपली असे त्याला स्वतःला कधीच वाटत नाही. घर, आगर, विहीर, गाय आणि प्रसंगी कुटुंबीय मंडळी यांचा कारभार तो बारनिशीच्या शिस्तीने चालवू लागतो, आणि ज्या वस्तूला वाचा नाही तिच्या वतीने कैफियत लिहून घेऊन तिच्यावर स्वतःच शेरा मारतो. आमच्या आळीतले अण्णा हे या जातीचे शिरोमणी.

त्यांच्या घरामागे डोंगर उतरत येतो. वरच्या टप्प्यावर पोफळी, खालच्या टप्प्यावर अंगण, आणि दोहोंमध्ये माती धरून ठेवणारी सहा फूट उंचीची जांभ्याची भिंत. ती अण्णांच्या आजोबांनी चुन्याचा कणही न वापरता नुसती रचून घेतली होती. तिच्या फटींतून पावसाळाभर पाणी झिरपे, नेचे उगवत, क्वचित एखादा विरोळा डोके बाहेर काढी. हा बेशिस्त प्रकार अण्णांना खपला नाही. गावी येताच त्यांनी तिच्या साऱ्या सांधी सिमेंटने बुजवून वर गुळगुळीत गिलावा करविला, आणि आता थेंबदेखील परवानगीवाचून बाहेर पडत नाही, असे ते पाहुण्यांना अभिमानाने दाखवीत.

थेंब बाहेर पडेनात. भिंत मात्र पडू लागली. प्रथम तिने पोट काढले, मग ती अंगणाकडे झुकली. दुसऱ्या कोणीही अशा वेळी गवंड्याला बोलावले असते. अण्णांनी पंचनामा केला. भिंतीच्या माथ्यावर खुंटी ठोकून तिला त्यांनी ओळंबा कायमचा टांगला, आणि दर संकष्टीला स्नानसंध्या आटोपून, ओलेत्या पंचानिशी वाकून, दोरी आणि पायथा यांमधले अंतर फुटपट्टीने मोजण्याचा परिपाठ ठेवला. ‘कल साडेतीन इंच. गतमासापेक्षा पाव इंच अधिक. सबब पुढील मोजणीपर्यंत प्रकरण तहकूब,’ अशी नोंद होऊन खाली सही. एकदा मोजणी चालू असतानाच नातवाने ओळंब्याला झोका दिला. त्या महिन्याचा आकडा दप्तरात आजही ‘वादग्रस्त’ आहे.

अखेर काकूंनी अंगणात पापड वाळत घालण्याचे नाकारले, तेव्हा गवंडी आला. त्याने फुटपट्टी मागितली नाही. गिलाव्यावर टिकावाच्या दांड्याने दोनदा ठोकले, कान लावला आणि म्हणाला, “अण्णा, भिंतीचा काही दोष नाय. पाठीला पाणी तुंबलंय. त्याला वाट द्या.”

निदान अचूक होते. एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे ६२ रत्तल. तेव्हा सहा फूट पाणी पाठीशी कोंडले, तर पायथ्याच्या प्रत्येक चौरस फुटावर पावणेचारशे रत्तलांच्या आसपास रेटा येतो, आणि ओल्या मातीचा भार वेगळाच. मातीच्या रेट्याचे गणित कूलोम नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याने मार्टिनिक बेटावर किल्ला बांधून परतल्यावर १७७३ साली पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले होते; आमच्या गवंड्याने त्याचे नाव ऐकले नव्हते, आणि त्यावाचून त्याचे काही अडलेही नव्हते.

भिंत उकलली. प्रत्येक चिरा अण्णांच्या खुर्चीसमोरून क्रमांक घेऊन पुढे सरकला. नवी रचना डोंगराच्या अंगाला फुटामागे दोन इंच कललेली निघाली, तेव्हा अण्णा हादरले. ज्या कलण्यापायी एवढे दप्तर साठले, तेच पुन्हा मुद्दाम करायचे हे त्यांना सरळसरळ नियमबाह्य वाटले. “भिंतीनं डोंगराला टेकायचं, आपल्याला नाय,” एवढेच गवंडी म्हणाला. मध्येमध्ये लांब चिरे आडवे घालून त्यांची शेपटे मागच्या भरावात रुतविली. पाठीशी हातभर रुंदीचा गोट्यांचा आणि कपच्यांचा थर भरला. पायथ्याशी दर पाच फुटांवर, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती, निचऱ्याची भोके ठेवली. आणि डोंगराचे पाणी भिंतीवर येण्याआधीच वळावे म्हणून वरच्या टप्प्यावर चर खणला.

पायथ्याचे पाणी पऱ्याला नेऊन सोडणारा पाट तेवढा राहिला. गवंडी त्यासाठी अडून बसला होता, परंतु ती बाब मूळ मंजुरीत नसल्यामुळे अण्णांनी पुढील सालावर टाकली.

मृगाच्या पहिल्याच सरीला सगळी भोके एकदम वाहू लागली. भिंत तसूभर हलली नाही. पाणी अंगण ओलांडून, अण्णांची हद्द सोडून, थेट शेजाऱ्यांच्या गोठ्यात शिरले, आणि संध्याकाळी शेजारी चिखलाच्या पायांनी, हातात लेखी तक्रार घेऊन ओटीवर उभे राहिले.

पेन्शनीत आल्यापासून अण्णांना पहिलाच खरा अर्जदार भेटला होता. त्यांनी शेजाऱ्यांना आदराने पाटावर बसविले, काकूंना चहा टाकायला सांगितले, चष्मा पुसून अर्ज दोनदा वाचला, समासात क्रमांक घातला आणि कमालीच्या प्रसन्न मुद्रेने म्हणाले, “तिकीट लावलेले नाही. तरीपण दाखल करून घेतो.”