झोतराव

दिवसाउजेडी झोतराव ओळखू येत नाहीत. चारचौघांसारखे ऑफिसला जातात, डब्यात पुन्हा दुधीच म्हणून कुरकुरतात, महागाई भत्त्याचा हिशोब करतात. खूण एकच: पँटच्या खिशाच्या काठाला अडकवलेली काळी क्लिप. ते पेन नाही. 'हे काय हो?' असं मात्र विचारू नका. आमच्या बसस्टॉपवर एका भल्या गृहस्थाने विचारलं होतं. त्याच्या डोळ्यांदेखत दोन बसेस आल्या नि गेल्या, आणि तिसरीत झोतराव त्याच्याबरोबर चढले.

नाव अर्थात आम्ही ठेवलेलं. खरं नाव काहीही असो, प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपात एक झोतराव असतोच. बायकांमध्ये ही जात माझ्या पाहण्यात नाही. घरात एक आहे तेवढा पुरे, असा त्यांचा विचार असावा.

लाइट गेले की बाकीची घरं मेणबत्ती चाचपडत असतात, आणि झोतरावांच्या चेहऱ्यावर सणासुदीची कळा येते. ते टॉर्च टेबलावर उभी करतात, तोंड छताकडे. झोत छतावर आपटून खोलीभर पसरतो, डोळ्यांवर येत नाही, सावल्याही मऊ पडतात. युक्ती खरोखर चांगली आहे, आमच्या मजल्यावर सगळ्यांनी ती उचलली. पण इथे थांबतील तर ते झोतराव कसले? 'आता हीच खोली दुसऱ्या टॉर्चने बघा,' म्हणून दुसरी येते, मग तिसरी. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणतात, "अहो, कुठलीही एक ठेवा, पण ठेवा! फोडणी दिसत नाहीये." झोतराव विचारतात, "किती लुमेन देऊ?"

टॉर्च तपासायला पांढरी भिंत लागते. त्यामुळे हे गृहस्थ कुणाकडेही गेले की आधी भिंती बघतात. यजमानांना वाटतं, रंगकामाचं कौतुक चाललंय. चहा येईपर्यंत खोलीतला दिवा मालवलेला असतो आणि भिंतीवर एक लख्ख वर्तुळ उमटलेलं असतं. मधला प्रखर ठिपका तो हॉटस्पॉट, भोवतीचा फिका पसारा तो स्पिल. आतला वाटीसारखा आरसा गुळगुळीत असेल तर ठिपका धारदार आणि झोत लांब जातो. तोच संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल तर कडा विरघळतात आणि जवळचं नीट दिसतं. एलईडीचा ठिपका जितका लहान आणि आरसा जितका मोठा, तितका झोत दूर. एवढी माहिती दोन मिनिटांत सांगून होते. उरलेला पाऊण तास ठिपक्याच्या कडेला हिरवट झाक आहे की नाही, यावर जातो.

कारण प्रकाशाचा वर्ण. झोतराव टॉर्च बघतात ते मुलगी बघायला गेल्यासारखे. फरक एवढाच, की इथे गोरेपणाला मान नाही. 6500 केल्विनचा निळसर पांढरा उजेड त्यांच्याकडे पहिल्याच बैठकीत नापास होतो. 4000 ते 5000 च्या दरम्यानचा गव्हाळ उजेड पसंत पडतो. लग्नाच्या बाजारात जे समाजसुधारकांना जमलं नाही ते टॉर्चच्या बाजारात झालं! मूळ दोष असा, की पांढरा एलईडी हा मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळा लेप दिला की डोळ्याला पांढरं दिसतं. (हा निळा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 साली नोबेल मिळालं. झोतरावांच्या मते उशीरच झाला.) स्वस्त एलईडीत लाल भाग अपुरा, म्हणून लाल वस्तू मेलेल्या दिसतात. रंगांच्या खरेपणाचा आकडा म्हणजे सीआरआय, तो 90 च्या वर असेल तर रंग खरे दिसतात. ही परीक्षा ते देवघरातल्या कुंकवाच्या करंड्यावर टॉर्च मारून घेतात. सासूबाईंना जावई धार्मिक वाटतात.

मग येतो थ्रो, म्हणजे झोत किती लांब जातो ते. इथे झोतरावांचा आवाज खाली येतो, गुपित सांगताना येतो तसा. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड, आणि तो एका दिशेला किती एकवटलाय ते कँडेला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लुमेन छापतात आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं. थ्रोसाठी कँडेलाचं वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायचं, मीटर आले. 10,000 कँडेला असतील तर 200 मीटर. 400 मीटर हवेत? मग 20,000 पुरत नाहीत, 40,000 लागतात. सोसायटीच्या व्हरांड्यात ते मोबाइलमधला लक्समीटर घेऊन हे मोजतात: 5 मीटरवर 400 लक्स, गुणिले अंतराचा वर्ग 25, झाले 10,000. लहान मुलं घोळका करून बघतात. त्यातल्या दोघांचं गणित खरोखर सुधारलं आहे.

यातली मेख वेगळीच. हा थ्रो मोजतात तो उजेड पाव लक्सवर येईपर्यंत, आणि पाव लक्स म्हणजे साधारण मोकळ्या माळावरचं पौर्णिमेचं चांदणं. म्हणजे 200 मीटरवर टॉर्च पोचली याचा अर्थ तिथे चांदणं पडलं. त्या चांदण्यात उभी आहे ती म्हैस की धोंडा, हे म्हैस हलली तरच कळणार. म्हणून झोतराव स्वतः खोक्यावरचा आकडा निम्मा धरतात. तेवढंही सिद्ध करायला एकदा त्यांनी गच्चीवरून समोरच्या इमारतीच्या टाकीवर झोत टाकला. टाकी छान दिसली. टाकीशेजारी सिगारेट ओढायला गेलेले, डॉक्टरांनी मनाई केलेले एक आजोबाही छान दिसले. त्या घराशी आमच्या सोसायटीचे संबंध अजून पूर्ववत नाहीत.

एवढं सगळं तळहाताएवढ्या नळीतून निघतं, म्हणून ती तापते. हजार लुमेनचा टर्बो, म्हणजे सगळ्यात प्रखर मोड, मिनिट-दोन मिनिटांत आपणहून खाली उतरतो. खोक्यावर लिहिलेला टॉर्च चालण्याचा वेळही तसाच लबाड: सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचा सगळा काळ त्यात मोजलेला असतो.

आता सेल. त्यांच्या वडिलांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. पितळी तीन सेलची बॅटरी, बटण पुढे सरकवलं की पिवळा उजेड. सेल मंदावले की उन्हात वाळत घालायचे, एखादा शहाणा ते दातांनी चावूनही बघे. ती बॅटरी अजून माळ्यावर आहे, पण आत विसरलेले सेल फुटून गळले आणि झाकण जे चिकटलं ते चिकटलंच.

झोतरावांच्या घरी सेलांचं वेगळं कपाट आहे. 18650 म्हणजे 18 मिलिमीटर जाड, 65 लांब. शेवटचं शून्य सेल गोल असल्याचं. थोरला भाऊ 21700. आणि सगळ्यात फसवा तो 14500, कारण तो दिसतो हुबेहूब आपल्या नेहमीच्या एए पेन्सिल सेलसारखा, पण आत दीडच्या जागी 3.7 व्होल्ट. धाकट्याने असे दोन सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. त्या रिमोटने पुन्हा चॅनेल बदललं नाही. कपाटाला कुलूप आलं ते तेव्हापासून.

बाजारात 18650 वर क्षमता 9900 एमएएच असं छापलेलं सर्रास मिळतं. चांगल्यात चांगला 18650 साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो, त्यामुळे असा सेल दिसला की झोतराव दुकानदाराकडे करुणेने बघतात, तरी विकत घेतात, आणि घरी येऊन वहिनींच्या केकच्या वजनकाट्यावर ठेवतात. अस्सल सेल 45 ग्रॅमच्या पुढे भरतो, नकली हलका निघतो. पैसे वाया गेल्याचं दुःख कुठे दिसत नाही. खोटेपणा ग्रॅममध्ये सिद्ध झाल्याचा आनंद मात्र आठवडाभर टिकतो.

अशा माणसाची खरी परीक्षा काळोखात व्हावी, तर तिथे नेमकं उलटंच होतं. मे-अखेरीला आमचा ग्रुप भंडारदऱ्याला काजवे बघायला गेला. झोतरावांनी तीन टॉर्चेस घेतल्या होत्या. काजवे एकमेकांना लुकलुकून खुणावतात, त्यावर त्यांचे संसार जुळतात. मधेच आपण झोत टाकला की सगळा संवाद तुटतो. गावचा वाटाड्या म्हणाला, "सर, ब्याटरी बंद करा."

"हिला मूनलाइट मोड आहे. अर्धाच लुमेन."

"तरीबी बंद करा."

"लाल उजेड चालेल?"

"सर, किडं तुमची ब्याटरी बघाया आलं न्हाईत."

जुलैत खिरेश्वरहून टोलार खिंडीने हरिश्चंद्रगड. पहाटेचं धुकं इतकं दाट की पुढच्याची पाठ दिसेना. झोतरावांनी डोक्याला बांधलेला दिवा टर्बोवर टाकला, आणि जन्मभर जिचा शोध घेतला ती निष्कलंक पांढरी भिंत त्यांच्या नाकासमोर दोन फुटांवर उभी राहिली. धुक्यात डोळ्यांजवळचा दिवा असाच उलटा अंगावर येतो. वाटाड्याने आपली जुनीपानी टॉर्च गुडघ्याशी धरली होती. त्याला दगड दिसत होते, आणि आम्ही त्याच्या मागून गेलो.

झोतराव मनापासून उपयोगी पडलेले मी एकदाच पाहिले, ते त्यांच्या सासुरवाडीला, जुन्नर तालुक्यात. तिथे उसात बिबट्या आहे आणि पंपाची वीज पुष्कळदा रात्रीच येते. पाणी द्यायला माणूस अंधारात बांधावरून जातो: पायाखाली मण्यार नाहीतर घोणस, आणि उसाच्या कडेला दोन चमकणारे डोळे असू शकतात. मेहुण्याने ठिपक्याकडे बघितलं नाही, वर्णाकडे नाही. त्याने विचारलं, "दाजी, पहाटंपर्यंत चालंल का?"

झोतराव प्रथमच गप्प झाले. मग त्यांनी कागद घेतला. 21700 चा सेल, 5000 एमएएच, म्हणजे साधारण 18 वॉट-तास. एका वॉटला शंभरेक लुमेन धरले तर 300 लुमेनवर सहा तास, 200 वर नऊ. रात्रपाळी निभावली. पायाशी रुंद पसारा पडतो आणि मधला झोत शेताच्या टोकापर्यंत जातो, अशी टॉर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून काढून दिली. क्लिपसकट. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होते, पावसात भिजली तरी चालते. सात मोड कसे बदलायचे हेही त्यांनी सविस्तर समजावलं. मेहुण्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून एकच मोड वापरला. बटण चुकून दोनदा दाबलं की लखलखाट सुरू होतो आणि बैल बिचकतात, एवढीच तक्रार.

तेव्हा तुम्हाला एकच टॉर्च घ्यायची असेल तर: घरासाठी आणि प्रवासासाठी एए सेलवर चालणारी, दीड-दोनशे लुमेनची घ्या. तिचे सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, फक्त महिनोन्‌महिने आत ठेवून विसरू नका. शेतावर किंवा गडावर जाणार असाल तर 21700 ची, पसारा रुंद असलेली, आणि लुमेनच्या आधी तास विचारा. दोन्हींपैकी कुठलीही घेतलीत तरी झोतरावांना दाखवू नका. दाखवायचीच असेल तर रविवारी सकाळी न्या, जेवूनच परत याल.