पट मोजायचा तर संक्रांतीला मोजा

जून उजाडला की बीड जिल्ह्यातल्या छोट्या गावांत एकच चर्चा. जिल्हा परिषदेची कोणती शाळा चांगली? स्टँडजवळची की वेशीतली? एकीच्या भिंती आगगाडीच्या डब्यासारख्या रंगवल्यात, दुसरीत डिजिटल फळा आलाय. पालक भिंत बघतात, फळा बघतात आणि पोराचं नाव घालून मोकळे होतात. हजेरीपत्रक कुणीच बघत नाही.

सरकारही तुलना करतं. २०२३ च्या अखेरीस ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान आलं. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस. शाळा झाडल्या गेल्या, परसबागा फुलल्या. चांगलंच झालं. पण रंग टिकला का हे विचारण्याआधी पोर टिकलं का, हे विचारायला नको?

शाळेचा पट धरला जातो तो ३० सप्टेंबरचा. शाळांच्या सरकारी नोंदीत, म्हणजे यूडायसमध्ये, तोच जातो, संचमान्यता त्याच्यावर, शिक्षकांची पदंही त्याच्यावर.

आता बीडच्या माणसाला विचारा, ऊसतोडीच्या टोळ्या कधी निघतात?

दसऱ्यानंतर. उचल आधीच घेतलेली, मुकादमाशी बोली झालेली. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, कुठेही बघा. ट्रॅक्टरवर भांडी, पत्र्याची पेटी, पिठाचा डबा आणि सगळ्यांच्या वर पोरं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात.

पोरं जातात. पट गावातच राहतो.

२०११ ची पटपडताळणी आठवते? ३ ते ५ ऑक्टोबर. अख्ख्या राज्यातल्या शाळा तीन दिवसांत मोजल्या, बोगस नावं उघडी पडली, केवढा गाजावाजा झाला! त्या वर्षी दसरा होता ६ ऑक्टोबरला. जी पोरं नव्हतीच, ती सापडली. जी होती आणि पुढच्या काही आठवड्यांत उसाच्या फडावर गेली, त्यांच्यासाठी रकाना कुठला?

दोष एकट्या शिक्षकांचा म्हणाल तर तेही खरं नाही. पट घटला की पद जातं, माणूस ‘अतिरिक्त’ ठरतो. कायद्याने ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक. त्यातला एक मतदारयाद्या घेऊन दारोदार. अशा शाळेत ‘पोरगं गेलं’ असं स्वतःच्या हाताने कोण लिहील?

मागच्या हिवाळ्यात एकाच गावातल्या दोन शाळांची तिसरीची हजेरीपत्रकं मी चाळली. पहिल्या शाळेत दिवाळीची सुट्टी संपली तिथून काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू झालेल्या. महिना संपतो, पान उलटतं, त्याच नावांपुढे त्याच खुणा. दुसऱ्या शाळेत टोळीवाल्यांचीच पोरं, पण ओळी भरलेल्या.

फरक कशाने पडला? दुसऱ्या शाळेच्या बाई नवरात्रातच घरोघर फिरल्या होत्या. म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसल्या होत्या. “मावशी, पोरीला ठेवून घ्या. संध्याकाळचं जेवण शाळेत आहे.” म्हातारी म्हणाली, “ठिवते बाई, पण रातीला आईसाठी रडली तर?” बाईंनी आपला नंबर भिंतीवर कोळशाने लिहून दिला.

त्या शाळेचे पत्रे गळतात. गावातल्या तुलनेत तिचा नंबर शेवटचा.

बाईंनी सांगितलेलं ते जेवण हंगामी वसतिगृहाचं. शाळा व्यवस्थापन समिती चालवते, पोर आजीकडे राहतं, शाळा बुडत नाही. योजना नामी आहे, पण मंजुरी दसऱ्याच्या आधी हातात पडली तरच. टोळी कागदासाठी थांबत नाही. जे पोर जातंच, त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवलं की जिथे जाल तिथल्या शाळेत बसता येतं. पण फडावरच्या कोपीपासून ती शाळा किती लांब, आणि पहाटे फडात गेलेल्या आईबापांनी तिथे पोर सोडायचं कधी?

आणि पोरगी असली तर? धाकट्याला सांभाळायला तीच. दोन हंगाम शाळा बुडाली की तिसऱ्या हंगामात तिच्या लग्नाची बोलणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. हा आकडा आरोग्य खात्याचा म्हणून शिक्षण खात्याने बाजूला ठेवायचा?

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, टोळ्या परततात. वर्गाचं पुस्तक संपलेलं असतं. पोर पुढच्या वर्गात जातं आणि मागच्या वर्गाची बेरीज तशीच राहते.

तेव्हा पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा तुमच्या आहेत. येत्या संक्रांतीच्या आठवड्यात बैठक लावा. ३० सप्टेंबरचा पट आणि १५ जानेवारीची हजेरी, दोन्ही आकडे शाळेच्या दर्शनी फळ्यावर शेजारीशेजारी लिहून घ्या. गावातल्या प्रत्येक शाळेत. जिथे ते दोन आकडे सगळ्यात जवळ असतील, तिथे पोराचं नाव घाला.