फिलाडेल्फियाचा धडा

क्रीडाधोरण शिकावे ते फिलाडेल्फियाकडून. तिथल्या लव्ह पार्कच्या ग्रॅनाइटने शहराला स्केटबोर्डिंगच्या जगात नाव मिळवून दिले; कृतज्ञ नगरपालिकेने तिथे स्केटबोर्डवरच बंदी घातली. पार्कची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन २००२ साली बंदीच्या निषेधार्थ वयाच्या ९२व्या वर्षी स्वतः स्केटबोर्डवर चढले. २००४ साली बंदी उठवावी म्हणून एका बूट कंपनीने दहा लाख डॉलर देऊ केले. प्रशासन मोहाला बळी पडले नाही. २०१६ साली मात्र मन द्रवले: मोजके दिवस खुली परवानगी, मग तोडकाम. आपणही मैदाने बिल्डरला देण्याआधी आठवडाभर मुलांना मनसोक्त खेळू द्यावे. उखडलेला काही ग्रॅनाइट स्केटिंगसाठीच स्वीडनमधल्या माल्मोला गेला. फिलाडेल्फियाच्या दगडांवर कायदेशीर स्केटिंग करायचे, तर व्हिसा स्वीडनचा काढावा.