बी.एस्सी. भाग एक, केमिस्ट्री: किन्हीराजाकडील विद्यार्थ्यांसाठी नियमावली

व्याप्ती

प्रस्तुत नियमावली वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील (नाशिकचे मालेगाव वेगळे, त्यांनी आपले नियम आपण करावेत) किन्हीराजा व पंचक्रोशीतून बारावी सायन्स करून, नीटमध्ये थोडक्यात हुकून, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला दाखल झालेल्यांसाठी आहे. गणिताला भिऊन ज्यांनी सीबीझेड घेतले आणि झुरळाला भिऊन ज्यांनी पीसीएम घेतले, त्या दोघांनाही ती सारखीच लागू राहील. केमिस्ट्री दोन्हीकडे आहे.

मूलतत्त्व

केमिस्ट्री दोन प्रकारची असते. एक जर्नलात असते, दुसरी वावरात. पहिलीला मार्क असतात. दुसरी घरचे लोक रोज करतात, म्हणून तिला कोणी केमिस्ट्री म्हणत नाही. या दोघींची गाठ पडू न देणे हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचे आद्य कर्तव्य होय. पुढील सर्व नियम याच तत्त्वातून निघालेले आहेत.

नियम १: हजेरी

पंचाहत्तर टक्के हजेरी सक्तीची आहे. रिॲक्शन अनेक टप्प्यांत होत असेल, तर सगळ्यात संथ टप्पा तिचा एकूण वेग ठरवतो, असे कायनेटिक्समध्ये शिकवले जाते. किन्हीराजाच्या विद्यार्थ्याला हे स्टॉपवर उभ्याउभ्याच कळलेले असते. माय पहाटे उठून डबा करते, तो धावत सुटतो, आणि एसटी आपल्या वेळेला येते. हे उदाहरण पेपरात लिहू नये. उशिरा पोचल्यावर सरांनाही सांगू नये. एसटी हे कारण आहे, सबब म्हणून ते फार पूर्वीच संपलेले आहे.

वर्गात भाषेचा गोंधळ करू नये. व्याख्यान इंग्रजीत, समजावणी मराठीत आणि शंका वऱ्हाडीत, हा क्रम रूढ आहे. शंका तास संपल्यावर, पोर्चमध्ये, दुसऱ्या विद्यार्थ्याला विचारावी.

नियम २: अ‍ॅप्रन

अ‍ॅप्रन पांढरा, पूर्ण बाह्यांचा आणि सुती असावा. सिंथेटिक कापड बर्नरजवळ वितळून अंगाला चिकटते. तीन वर्षे पुरेल इतका ढगळा शिवावा.

पहिल्या महिन्याभरात त्याला भोके पडतील. विरळ सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब पडल्यापडल्या काहीच करत नाही. मग पाणी उडून जाते, ॲसिड मागे राहते, घट्ट होत जाते आणि कापसाच्या सेल्युलोजमधले पाणी ओढून घेते. भोक दिसते ते मात्र धुतल्यावर, त्यामुळे घरी दोष साबणाला जातो. तो तिथेच राहू द्यावा.

बोटांवरच्या डागांचे वर्गीकरण असे: नायट्रिक ॲसिडचे पिवळे, सिल्व्हर नायट्रेटचे काळे, पोटॅशियम परमँगनेटचे तपकिरी. तपकिरी डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात. काळे-पिवळे कातडी बदलेल तेव्हा. पिवळ्या बोटांबद्दल गावात कोणी हटकलेच, तर रिसोडकडे पाहुण्यांच्या इथे हळद काढायला गेलो होतो असे सांगावे.

नियम ३: टायट्रेशन

ब्युरेट आधी पाण्याने आणि मग भरायच्या द्रावणाने खळबळून घ्यावी. पिपेटही तशीच. शंकूपात्र फक्त पाण्याने धुवावे, कारण त्यात चार थेंब पाणी राहिले तरी पदार्थाचे मोल तेवढेच राहतात. ब्युरेटच्या तोटीतला हवेचा बुडबुडा आधी काढावा. डोळा द्रवाच्या पातळीला आणावा. बिनरंगी द्रावणाची खालची कड वाचावी, परमँगनेटची वरची, कारण त्या जांभळ्या रंगात खालची दिसत नाही.

एवढे सगळे यथाविधी पार पडल्यावर शेजाऱ्याला विचारावे.

"तुह्यं किती आलं बे?"

"दहा."

"मले त अकरा पॉइंट तीन आलं."

"मंग दहा लिही ना. साऱ्याइचं दहा आलं."

येथे प्रयोग पूर्ण झाला. तीन रीडिंग लिहायची असतात. ती १०.१, १०.० आणि १०.० अशी लिहावीत. तिन्ही हुबेहूब १०.० लिहिल्यास सरांना संशय येतो. किंचित चूक दाखवणे हा प्रामाणिकपणाचा पुरावा धरला जातो.

अकरा पॉइंट तीन का आले, हा प्रश्न मनात आणू नये. आणलाच तर कारणे निघत जातात. बुडबुडा मध्येच सुटला असेल, तर न पडलेले द्रावण पडल्यासारखे मोजले गेले. ऑक्झॅलिक ॲसिड साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम केले नसेल, तर रिॲक्शन रेंगाळली आणि हात मात्र थांबला नाही. सल्फ्युरिक ॲसिड कमी पडले असेल, तर तपकिरी गाळ दिसला असेल, म्हणजे परमँगनेटने पाच इलेक्ट्रॉन घ्यायचे ते तीनच घेतले आणि तेवढ्याच कामाला ते जास्त लागले. घाईत हायड्रोक्लोरिकची बाटली उचलली असेल, तर परमँगनेट त्याचाच क्लोरीन करत बसले. त्या एका चुकलेल्या आकड्यात रेडॉक्सचा अख्खा धडा बसलेला असतो. तरी दहाच लिहावे. धड्याला वेगळे मार्क नाहीत.

नियम ४: सॉल्ट ॲनालिसिस

कागदाच्या पुडीत चिमूटभर सॉल्ट मिळेल. ते निळे निघाल्यास "सर, हे त मोरचूद हाय!" असे तोंडून निघण्याचा संभव असतो. जीभ आवरावी.

वडिलांसोबत संत्र्याच्या बगीच्यात बोर्डो मिश्रण करताना त्याची ओळख झालेली असेल. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करायचे. लोखंडी भांडे वापरायचे नाही. शेवटी त्यात विळ्याचे पाते बुडवून पाहायचे. पात्यावर लालसर थर चढला, तर मोरचूद अजून मोकळे आहे, आणखी चुना घाला. लोखंड द्रावणातल्या तांब्याला बाहेर काढून त्याची जागा घेते, ही डिस्प्लेसमेंट रिॲक्शन होय. परंतु ती विळ्यावर झाली, परीक्षानळीत झाली नाही, आणि घरच्या कोणी तिचे समीकरण बॅलन्स केलेले नाही. सबब ती ग्राह्य धरली जात नाही.

ग्राह्य क्रम पुढीलप्रमाणे. रंग लिहावा. फ्लेम टेस्ट करून हिरवट-निळी ज्योत पाहावी. ग्रुप झिरोपासून रांगेने यावे. विरळ हायड्रोक्लोरिकने गाळ येत नाही हे गांभीर्याने नोंदवावे. मग हायड्रोजन सल्फाइड सोडावा. काळा गाळ येईल. तो नायट्रिकमध्ये विरघळवून अमोनिया घालावा. गडद निळा रंग आला की चेहऱ्यावर आश्चर्य आणून "कॉपर" म्हणावे. यात दीड तास जातो, आणि तो जावा अशी अपेक्षा आहे.

हायड्रोजन सल्फाइडविषयी दक्षता: सडक्या अंड्यांचा वास प्राचार्यांच्या केबिनपर्यंत गेला की दुसरा ग्रुप झाला असे मानण्याचा प्रघात आहे. वास यायचा थांबला म्हणजे वायू संपला असे मात्र मानू नये. प्रमाण वाढले की हा वायू नाकच बधिर करतो. अशा वेळी आधी बाहेर पडावे, निरीक्षण नंतर लिहावे.

नियम ५: जर्नल

उजव्या पानावर शाईने मजकूर, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती. सर्टिफाय झालेल्या जर्नलाशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू दिले जात नाही, म्हणून वर्षभराचे प्रयोग शेवटच्या आठवड्यात उरकण्याची पद्धत आहे. जर्नल सीनियरकडून वारसाहक्काने मिळते. उतरवताना तीन गोष्टी सोडून बाकी सर्व उतरवावे: सीनियरचे नाव, त्याचा रोल नंबर आणि तारखा. पंधरा ऑगस्टला टायट्रेशन आणि लक्ष्मीपूजनाला सॉल्ट केलेले कष्टाळू विद्यार्थी दर वर्षी सापडतात.

नियम ६: शैक्षणिक सहल

सहल बहुधा लोणारला जाईल, कारण ते जवळ आहे. बेसाल्टच्या खडकात उल्कापाताने झालेले हे विवर. त्यातले पाणी खारट आणि अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले होते. फिनॉल्फ्थॅलिन साधारण आठच्या पुढे गुलाबी व्हायला लागते आणि दहापर्यंत चांगलेच रंगते. तेव्हा कोणीतरी बाटली उपडी केली असावी, असा निष्कर्ष पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातून सरळ निघतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हे काम खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, स्वतः गुलाबी रंगद्रव्य बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे निघाले. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, क्षार वाढले, आणि त्यांचे फावले.

परिसर अभयारण्याचा असल्याने पाणी बाटलीत भरून आणू नये. सेल्फी आणावी.

याच संदर्भात: शर्टावरच्या वरणाच्या पिवळ्या डागाला आईने साबण चोळला की तो लाल होतो, हे सर्वांनी पाहिलेले आहे. हळद हा इंडिकेटरच आहे. परंतु व्हायवात इंडिकेटर विचारल्यास फिनॉल्फ्थॅलिन आणि मिथिल ऑरेंज एवढीच नावे घ्यावीत. आईचा उल्लेख टाळावा.

नियम ७: सुरक्षितता

प्रयोगशाळेच्या भिंतीवर बोर्ड असतो. ॲसिड पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडमध्ये ओतू नये. सल्फ्युरिक ॲसिड पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट जड असते. पाणी वरून ओतले तर ते वरच तरंगते, तिथल्या तिथे उकळते आणि ॲसिडसकट तोंडावर उडते. पिपेट तोंडाने ओढू नये. वायू थेट हुंगू नये. बोर्डाच्या बरोबर खाली उभे राहून सगळे पिपेट तोंडानेच ओढत असतात, कारण रबरी बल्ब कपाटात, किल्ली लॅब अटेंडंट भाऊंकडे आणि भाऊ चहाला.

बोर्डाचा अंमल कॉलेजच्या फाटकापर्यंतच आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या रविवारी हाच विद्यार्थी सोयाबीन-कपाशीत पाठीवर पंप घेऊन उभा असतो. तेथील मोजमापाचे एकक निराळे: एका पंपाला एक झाकण. कोणत्या बाटलीचे झाकण, ते किती मिलीचे, पंप पंधरा लिटरचा की वीसचा, लेबलवर एका लिटरला किती सांगितले आहे, असले प्रश्न मोलॅरिटीची गणिते केलेल्याला सुचू शकतात. विचारल्यास वडील म्हणतील, "तू शिकून रायला का आमाले शिकवून रायला?" तेव्हा गप्प राहून झाकण ओतावे. कॉलेजात ०.१ मिलीसाठी सरांशी वाद घालण्याची परवानगी आहेच.

२०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात गेले. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, औषधे एकात एक मिसळली जात होती, आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर फार तर एक दुपट्टा होता. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर कोपऱ्यावर उभा धरलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग लाल असेल तर औषध सर्वांत विषारी. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे नाही. लाल गटात शरीराच्या दर किलोमागे पन्नास मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा पोटात गेली, की चाचणीतले निम्मे प्राणी मरतात. सॉल्टचे रंग पाठ करताना हे चार रंग मध्ये येऊ देऊ नयेत. त्यांच्यावर लघुटीप येत नाही.

नियम ८: व्हायवा

बाहेरगावचे एक्स्टर्नल येतील. त्यांना पाणी द्यावे. मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीतला फरक पाठ असावा. आव्होगाड्रोचा अंक सहा पॉइंट शून्य दोन दोन गुणिले दहाचा तेविसावा घात, एका श्वासात म्हणता यावा.

जेवणानंतर एक्स्टर्नल खुशीत असले, तर एखादा अनपेक्षित प्रश्न येतो. "गाव कोणतं? किन्हीराजा? मग सांग, युरियात नायट्रोजन किती टक्के?" इथे घात होण्याची शक्यता सर्वांत जास्त. पोत्यावर छापलेला ४६ हा आकडा विद्यार्थ्याच्या जिभेवर असतो, पण वहीत रेणुभार ६० आणि त्यात नायट्रोजन २८ असे गणित त्याने केलेले असते, ज्याचे उत्तर ४६.६७ येते. या दोन उत्तरांना एकमेकांजवळ बसवू नये. बसवले, तर पुढचा प्रश्न त्याचा त्यालाच पडेल: मग डीएपीच्या पोत्यावर नायट्रोजन १८ का, रेणुसूत्रावरून तर २१ यायला पाहिजे? उत्तर असे की पोत्यातला डीएपी शंभर टक्के शुद्ध नसतो. एक्स्टर्नलला हे सांगितल्यास ते सरांकडे पाहतील, सर जर्नलाकडे पाहतील, आणि चहा थंड होईल.

नियमभंगाचे परिणाम

वरील नियम काटेकोर पाळणारा विद्यार्थी पास होतो. तोडणाऱ्यालाही सहसा नापास करता येत नाही, कारण मार्क जर्नलाचे असतात. त्याला शिक्षा वेगळी होते. फवारणीचा सीझन आला की रात्री जेवणाच्या वेळी कोणी ना कोणी काका डबा घेऊन दारात येतात. "केमिस्ट्रीवाला हाय का घरी? याच्यावर काय लिवलं वाच बरं. आन् वीस लिटरच्या पंपाले किती टाकू, थे बी सांग." एकाला सांगितले की दुसरा येतो. मग बायाही विचारतात, हातमोजे कोणते घ्यावेत, दुपट्टा पुरतो का. ताट वाढलेले राहते. फी मिळत नाही, सर्टिफिकेट मिळत नाही, आणि हे काम पुढच्या वर्षीही सुटत नाही. ज्यांना ही कटकट नको असेल, त्यांनी शेजाऱ्याचे रीडिंग बघून दहा लिहावे.